स्टिच रेग्युलेटर घ्यावा का? आधी टाके कुठे बिघडतात ते बघा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरच्या कॉम्प्युटराइज्ड मशीनवर त्या वर्षभर फ्री-मोशन क्विल्टिंग, म्हणजे कापड हाताने फिरवत थरांवर नक्षीची शिलाई, करताहेत. आधी बाळांची दुपटी केली, आता सिंगल बेडच्या गोधड्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्यात. दुपट्यांच्या वेळी एवढा त्रास नव्हता, आता मात्र टाके एकसारखे येत नाहीत, "कुठे तिळाएवढे, कुठे तांदळाएवढे." अमेरिकेतले दीर दिवाळीला येताना स्टिच रेग्युलेटर (टाक्याची लांबी आपोआप सारखी ठेवणारी सोय) असलेलं मशीन आणतो म्हणतात. खर्च लाखाच्या वर आहे. घेण्यासारखं आहे का, की हात बसला की टाके आपोआप सुधारतील, असं त्या विचारतात. शिवाय ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या की ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी असतं ते, आणि ते ताईंच्या मनाला लागलंय.

ताई, उत्तर आधी देते, कारणं मग. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून या दिवाळीला तरी घेऊ नका. रेग्युलेटर ही वस्तू वाईट नाही. माझ्याकडे शिकून गेलेल्यांपैकी काहींनी तो घेतला आणि त्यांचे पैसे वसूल झाले. पण "टाके एकसारखे येत नाहीत" ही एक तक्रार नसते. तिच्या पोटात चार-पाच वेगळ्या तक्रारी असतात आणि रेग्युलेटर त्यांतल्या एकीवर, फार तर दीडीवर इलाज करतो. तुमची कोणती आहे हे न तपासता एवढी रक्कम घालणं मला पटत नाही.

आधी हे बघू की टाका लहान-मोठा होतो कशाने. नेहमीच्या शिलाईत कापड पुढे सरकवायचं काम फूटाखालचे (कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखालचे) दाते करतात. दर टाक्याला ते ठरलेलं अंतर सरकवतात, म्हणून टीप सारखी येते. फ्री-मोशनला आपण दाते खाली पाडतो (जुन्या मशीनवर त्यांच्यावर पत्रा बसवतो), डार्निंग फूट लावतो आणि कापड हाताने हवं तिकडे फिरवतो. तिथून पुढे टाक्याच्या लांबीचं बटण निकामी. काळ्या मशीनच्या उजवीकडचा दांडा असो की तुमच्या स्क्रीनवरचा २.५ हा आकडा, तो हुकूम फक्त दातांना सोडतो आणि दाते तर आपण खाली पाडलेत. आता लांबी एकाच गोष्टीवर ठरते: सुई कापडातून बाहेर पडून पुन्हा आत शिरेपर्यंत तुमचा हात किती सरकला.

रांगोळी काढणारीच्या बोटांना हे ठाऊक असतं. चिमटीतून पूड सुटायचा वेग आणि हात सरकायचा वेग जुळला तर रेघ सारखी. हात थबकला की रेघ जाड, घाईने पळाला की तुटक. इथे फरक एवढाच की पूड सोडणारी चिमूट तुमच्या पायात आहे, पेडलवर. हाताने एक वेग सांभाळायचा, पायाने दुसरा, आणि दोन्ही जुळवायचे.

थोडं गणित करते, कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला १० होतात. टाका २.५ मि.मी.चा हवा असेल, म्हणजे इंचाला साधारण दहा, तर हात सेकंदाला २५ मि.मी., जवळजवळ एक इंच सरकला पाहिजे. आता हात तोच ठेवा. नक्षी अवघड आली म्हणून अंग ताठरलं, पेडल जास्त दाबलं गेलं आणि मशीन ९०० वर गेलं, तर टाका होतो १.७ मि.मी.चा. पुढे मोकळी जागा आली, पाय सैल पडला, मशीन ४०० वर आलं, की टाका ३.७५ चा. हात जराही चुकलेला नाही आणि टाका दुपटीहून जास्त बदलला. नवशिक्या बायका दोष हाताला देतात. मी शेजारी बसून बघते तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार पाय निघतो.

स्टिच रेग्युलेटर या दोन वेगांपैकी एक तुमच्याकडून काढून घेतो. कापड किती सरकलं ते मोजतो आणि त्या मानाने सुई चालवतो. हात हळू तर सुई हळू, हात जोरात तर सुई जोरात. घरगुती मशीनमध्ये ही कल्पना गाजवली बर्निना या स्विस कंपनीच्या बीएसआरने (बर्निना स्टिच रेग्युलेटर), २००० नंतरच्या दशकाच्या मध्यात. त्या फूटालाच एक सेन्सर आहे, कॉम्प्युटरच्या माउसच्या पोटात असतो त्या जातीचा. तो खालून सरकणारं कापड बघत राहतो आणि फूटाची वायर मशीनला जोडलेली असते. जानोमेनेही पुढे आपल्या काही मोठ्या मशीनसाठी एएसआर नावाने असाच रेग्युलेटर काढला. एक लक्षात ठेवा, हा फूट आणून कुठल्याही मशीनला लावता येत नाही. तो मशीनच्या मोटरला वेग सांगतो, म्हणून तो समजणारं मशीनच लागतं. त्यामुळेच प्रश्न फूटाचा न राहता अख्ख्या मशीनचा होतो.

फ्रेमवरच्या लाँगआर्म मशीनचा मामला निराळा. तिथे क्विल्ट रुळांवर ताणून स्थिर असतो आणि मशीनच त्याच्यावर फिरतं. चाकांना लावलेले एन्कोडर अंतर मोजतात. उभं राहून, दोन्ही हातांनी मूठ धरून, एका झपाट्यात फूटभर कमान मारायची असते. एवढ्या मोठ्या पल्ल्यात हाताचा वेग सारखा ठेवणं कठीण, म्हणून तिथे रेग्युलेटर जवळजवळ गृहीतच धरतात. परदेशातल्या क्विल्टर जेव्हा "रेग्युलेटरशिवाय कामच करवत नाही" असं सांगतात तेव्हा त्या फ्रेमबद्दल बोलताहेत की बसून वापरायच्या मशीनबद्दल, हे आधी बघा. फ्रेमवरचं मत उचलून तुमच्या डायनिंग टेबलवरच्या मशीनला लागू होत नाही. आणि फ्रेमवरच्या अनुभवी बायकासुद्धा अगदी बारीक काम, म्हणजे वाटाण्याएवढे गोटे किंवा दाट स्टिपलिंग (नागमोडी रेघांनी भरलेली जागा) करताना पुष्कळदा तो बंद करून हाताने चालवतात.

त्याचं कारण यंत्राच्या वागण्यात आहे. बीएसआरला दोन मोड आहेत. एका मोडमध्ये कापड थांबलं तरी सुई संथपणे चालू राहते, दुसऱ्यात कापड थांबलं की सुईही थांबते. ऐकायला दुसरा जास्त शहाणा वाटतो. पण तुम्ही पानाचं टोक काढताय असं समजा. हात टोकाला पोचला आणि वळला. अडीच मिलिमीटरचा हिशोब टोकाच्या अलीकडे एक टाका पडून पुरा झाला होता, पुढचा टाका वळल्यावर पडला, नेमक्या टोकावर पडलाच नाही. पान बोथट झालं. म्हणून अशा मोडमध्ये टोकावर क्षणभर थांबून टाच मागे दाबून किंवा बटणाने सुई स्वतः खाली घ्यावी लागते. पहिल्या मोडमध्ये सुई चालूच असल्यामुळे टोक धारदार मिळतं, मात्र तिथे रेंगाळलात तर टाक्यावर टाके पडून गाठ होते. म्हणजे रेग्युलेटर आला तरी शिकणं संपत नाही, विषय बदलतो.

दुसरी गोष्ट, तो हाताच्या मागून येतो. हात हलल्यावर त्याला कळतं, कळल्यावर मोटर वेग घेते. सावकाश सुरू केलंत तर हा फरक जाणवत नाही, पण हिसक्याने सुरुवात केली तर पहिला टाका लांब पडतोच. शिवाय मोटरच्या वेगालाही कुठेतरी मर्यादा आहे. हात त्या पलीकडे पळाला की यंत्र टूं-टूं करून सांगतं आणि टाके लांबतात. घाई करणाऱ्या बाईला रेग्युलेटर आवरत नाही, फक्त तिच्यावर ओरडतो.

तिसरी गोष्ट तुमच्या कामाशी थेट जोडलेली आहे. सेन्सर बघतो फक्त वरचं कापड. मधल्या बॅटिंगचं (आतल्या भरणीच्या थराचं) आणि खालच्या अस्तराचं काय चाललंय हे त्याला दिसत नाही. गोधडीला जुन्या सुती साड्या वापरत असाल तर तुम्हाला माहीतच आहे की धुवून धुवून मऊ पडलेलं ते कापड कसं निसटतं. थर नीट जोडलेले नसतील तर वर सुबक सारखे टाके आणि उलट्या बाजूला चुण्या, असा प्रकार रेग्युलेटर लावूनही होतो. चार-चार बोटांवर सेफ्टी पिना किंवा आडवा-उभा कच्चा टाका, याला दुसरा पर्याय मला अजून मिळालेला नाही.

आणि मागच्या बाजूला वळणांवर दोऱ्याची जी झालर उभी राहते, जिला क्विल्टर पापण्या म्हणतात, तीही रेग्युलेटरच्या अखत्यारीत येत नाही. वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल असेल, सुई बोथट किंवा बारीक असेल, किंवा वळणावर कापड ओढल्यामुळे सुई वाकत असेल, तर पापण्या येणारच. वळणावर हाताचा वेग वाढतो ही खोड असेल तर तिथे थोडी मदत होईल. मी वर "दीडी" म्हटलं त्यातली अर्धी ही.

आता तुमचा रोग कोणता ते शोधू. बारा-चौदा इंचांचा चौकोनी तुकडा घ्या, ऑर्डरीत वापरता तेच कापड, तेच बॅटिंग, तेच अस्तर. वरचा दोरा गडद आणि कापड फिकं, टाका लपता कामा नये. सुई नवीन घाला, मी टॉपस्टिच ९०/१४ वापरते. पाण्याने जाणाऱ्या पेनाने दहा इंचांच्या चार सरळ रेघा आखा, त्याखाली इंग्रजी ई अक्षरासारख्या गुंफलेल्या वेटोळ्यांची एक ओळ, आणि शेवटी करवतीच्या दात्यांसारखी टोकं. नेहमी करता तसंच शिवा, परीक्षा आहे म्हणून जपून नको. मग पट्टी ठेवून दर इंचाला टाके मोजा आणि पेन्सिलने शेजारी आकडा लिहा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात जे कळतं ते महिनोन्‌महिने नुसतं बघून कळत नाही.

इंचाला ९, १०, ११, १० असे आकडे सरळ रेघेत आले तर हात बसलाय, काळजी सोडा. एवढा फरक गोधडी एकदा धुऊन कापड आटलं आणि सुरकुतलं की शोधूनही सापडत नाही. ७, १४, ९, १६ असे कुठेही कसेही आले तर हात आणि पाय यांचं जमत नाहीये. हीच ती तक्रार जिच्यावर रेग्युलेटर खरा चालतो. सरळ रेघा ठीक, पण वेटोळ्याच्या बाहेरच्या अंगाला टाके लांब आणि टोकांवर पाच-सहा टाक्यांचा गुच्छ, असं दिसलं तर हात वळणावर पळतो आणि टोकावर विचार करत थांबतो. इथेही त्याचा उपयोग होईल, पण डोळे सुईवर न ठेवता अर्धा-पाऊण इंच पुढे ठेवायची सवय लावली तर फुकटात होईल. सगळं चांगलं आणि दर तीन-चार इंचांवर एक लांबुडका टाका असेल तर तो हात उचलून पुढे ठेवतानाचा झटका आहे. तिथे थांबायचं, सुई कापडात खाली, हात बदलायचे, मग पुढे. अगदी साधी सवय आहे, पण अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

नमुन्यावर सगळं छान आणि प्रत्यक्ष गोधडीवर बिघडतंय, असं तर नाही ना? तुम्ही लिहिलंय की दुपटी करत होतात तेव्हा एवढा त्रास नव्हता, सिंगल बेडच्या गोधड्यांपासून वाढला. माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. दुपटं मांडीवर मावतं. सिंगल बेडची गोधडी साठ बाय नव्वद इंचांची, तिचा अर्धा भाग टेबलावरून खाली लोंबतो आणि जमिनीकडे ओढतो. तुम्ही उजवीकडे सरकवायला जोर लावता, कापड अडतं, मग एकदम सुटतं. अडलं तिथे तीळ, सुटलं तिथे तांदूळ. रेग्युलेटर लावून अडलेल्या जागी टाके बारीक होणार नाहीत हे खरं, पण रेघ वाकडी होईल ती होईलच आणि खांदे भरून यायचे ते येतीलच.

यावर इलाज सुताराकडे आहे. मशीनचा सुईखालचा सपाट भाग टेबलाच्या पातळीत बसेल अशी खाच पाडलेलं टेबल करून घ्या, नाहीतर मशीनभोवती बसणारं एक्स्टेन्शन टेबल घ्या. टेबल भिंतीला आणि डावीकडे दुसऱ्या एखाद्या टेबलाला टेकवा, म्हणजे गोधडी मागे आणि डावीकडे खाली पडणार नाही. सगळी गोधडी घट्ट गुंडाळी करून कोंबू नका. हातापुढे बशीएवढी जागा सपाट मोकळी ठेवा आणि बाकीची भोवती सैल चुरगळून राहू द्या. मशीनच्या पृष्ठभागावर गुळगुळीत टेफ्लॉनचा पत्रा मिळतो तो अंथरा, सुईच्या जागी भोक ठेवून. हातात रबरी ठिपक्यांचे सुती मोजे घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते चालतात. बोटांची पकड वाढली की दाबायचा जोर कमी होतो आणि जोर कमी झाला की हात वाहायला लागतो. खुर्चीही बघा. कोपर टेबलाच्या खाली राहत असेल तर खांदा उचलून काम होतं आणि तासाभरात टाके बिघडायला लागतात.

आता पायाचं. तुमच्या मशीनवर वेगाची पट्टी आहे का बघा, कॉम्प्युटराइज्ड म्हणालात म्हणजे बहुधा असेल, कासव आणि सशाची चित्रं असतात बघा. ती मध्यावर किंवा त्याच्या जरा अलीकडे ठेवा आणि पेडल सरळ तळापर्यंत दाबा. पट्टी ठरवेल त्याच्यापुढे मशीन जाणार नाही. पायाला आता दोनच कामं उरली, चालू आणि बंद. स्टार्ट-स्टॉपचं बटण असेल तर पेडल काढूनच ठेवा. दोन वेगांपैकी एक असा पक्का बांधला गेला की तुम्हाला फक्त हाताचा वेग शिकायचा राहतो. मशीन मिनिटाला ६०० च्या आसपास चालत असेल तर दहा इंचांची रेघ दहा सेकंदांत पुरी करायची, तोंडाने आकडे मोजत. सुरुवातीला सुईच्या आवाजाची भीती वाटते, कारण सावकाश चालवायची सवय असते. पण अतिशय सावकाश मशीनवर हात थरथरतो, मध्यम वेगात तो जास्त गुळगुळीत चालतो. ज्यांनी लहानपणी पायाच्या मशीनवर रिंग लावून भरतकाम केलंय त्यांना हे लवकर जमतं असं मी पाहिलंय, कारण त्यांच्या पायाला एका लयीत राहायची आणि हाताला रिंग फिरवायची सवय असते.

ज्यांच्याकडे मोठं इंडस्ट्रियल मशीन आहे त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जुन्या क्लच मोटरवर (जी सतत पूर्ण वेगाने फिरत असते) हा बंदोबस्त होत नाही. सर्व्हो मोटर बसवली तर तिच्यावर कमाल वेग ठरवून ठेवता येतो.

हे सगळं करून महिनाभर रोज थोडा वेळ नमुन्यावर घालवा आणि पुन्हा टाके मोजा. तरीही आकडे इकडून तिकडे उड्या मारत असतील, तर रेग्युलेटरचा विचार मीच तुमच्या डोक्यात घालीन.

कारण काही जणींना तो घ्याच असं मी आपणहून सांगते. बोटांना संधिवात आहे, हात कापतो, घोट्याचं दुखणं आहे आणि पेडलवर नीट जोर देता येत नाही, अशांना तो मोठा आधार आहे. चार-चार महिने मशीनला हात लागत नाही आणि मग एकदम भाचीच्या लग्नाची रजई करायला बसतात, त्यांनाही. कारण फ्री-मोशनची लय वापरात नसली की जाते आणि परत यायला वेळ लागतो. विरुद्ध रंगाच्या जाड दोऱ्याने मोकळी नक्षी काढायची आवड असेल तर तिथे प्रत्येक टाका चव्हाट्यावर असतो, तेव्हा रेग्युलेटरची सफाई नजरेत भरते. याउलट कापडाच्या रंगाचा बारीक दोरा आणि दाट भरगच्च काम असेल तर ती सफाई कुणाला दिसतच नाही. आणि प्लास्टिकच्या जाड पट्ट्या, म्हणजे रूलर धरून नक्षी करायची असेल, तर आधी चौकशी करा. त्याला उंच कडेचा वेगळा फूट लागतो आणि रेग्युलेटरचा फूट त्या कामाला चालेलच असं नाही. रूलर चुकून फूटावर चढला तर सुईचा आणि रूलरचा तुकडा पडतो, डोळ्यांचा धोका असतो.

तुमच्या ऑर्डरींचाही हिशोब मांडा. सिंगल बेडच्या गोधडीला तुम्ही मजुरी किती लावता? मशीनची किंमत त्याने भागा. किती गोधड्या झाल्या की पैसे सुटतील तो आकडा समोर आला की निर्णय सोपा होतो. गिऱ्हाईक टाके मोजत नाही. ते हात फिरवून मऊपणा बघतं, कोपरे बघतं, दोरे लोंबताहेत का बघतं. फिनिशिंग आणि कापडाची निवड यांनी भाव जेवढा वाढतो तेवढा टाक्याच्या एकसारखेपणाने वाढलेला मी पाहिलेला नाही. प्रदर्शनात स्पर्धेला ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे परीक्षक जवळून बघतात.

त्या ओळखीच्या बाईंच्या बोलण्याबद्दल. "ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी" हे मनावर घेऊ नका. एकेकाळी मशीनने क्विल्टिंग करण्याबद्दलच असं बोललं जायचं, खरी क्विल्टिंग म्हणजे हाताची. १९८९ साली अमेरिकेतल्या पदुका इथल्या एक्यूएसच्या (अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी) प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'करोना २: सोलर एक्लिप्स' या क्विल्टला सर्वोत्तम क्विल्टचं बक्षीस मिळालं. मशीनने क्विल्ट केलेल्या कामाला तिथे हा मान पहिल्यांदाच मिळाला होता, त्यावर बरीच कुरबुर झाली. आज मशीनच्या कामाला फारसं कुणी नाक मुरडत नाही. रेग्युलेटरचंही तेच होणार. मात्र त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही बघा: तो क्विल्ट झाला तेव्हा घरगुती मशीनला रेग्युलेटर नव्हताच. नक्षी कुठून कुठे न्यायची, कुठे दाट करायची, कुठे कापड मोकळं सोडायचं, हे ठरवायला तो तेव्हाही नव्हता आणि आताही त्याच्याकडे नाही. उलट कुणी असंही सांगतं की रेग्युलेटरवर शिकलात तर हात कधीच तयार होणार नाही. मला तसं दिसलेलं नाही. त्यावर शिकलेल्या बायकांचा हात नक्षीत छान तयार होतो, त्या फक्त साध्या मशीनवर बसल्या की पहिले काही दिवस गडबडतात.

एका परिस्थितीत माझं "नको" बदलेल. तुमचं आताचं मशीन जुनं झालंय आणि तसंही बदलायचंच आहे, किंवा सुई आणि उजव्या खांबामधली जागा इतकी अरुंद आहे की सिंगल बेडच्या गोधडीचा मधला भाग आत घालताना जीव जातो. मग मोठ्या गळ्याचं मशीन घ्या आणि रेग्युलेटर त्याच्याबरोबर येत असेल तर आनंदाने घ्या. दोन मशीनमधून निवडायची वेळ आली, एकाला रेग्युलेटर पण गळा लहान, दुसऱ्याला रेग्युलेटर नाही पण गळा दोन-तीन इंचांनी मोठा, तर मी डोळे मिटून दुसरं घेईन.

आणि दिरांनी आणायचंच ठरलं तर त्यांच्याकडून आधी मशीनच्या मागच्या किंवा बुडाच्या लेबलचा फोटो मागवा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. लेबलवर फक्त १२० लिहिलं असेल तर ते मशीन आपल्या प्लगात थेट घालायचं नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तोही मशीनच्या वॅटपेक्षा भरपूर जास्त क्षमतेचा. पिनेवर बसवायचा स्वस्त अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. तिथली वॉरंटी इथे चालते का, ते कंपनीच्या इथल्या विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्या, कारण बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येतं. त्या मॉडेलचं सर्किट दुरुस्त करणारा माणूस नाशिकात नाही तर निदान मुंबई-पुण्यात आहे का, तेही विचारा. रेग्युलेटरचा फूट वेगळा विकत मिळतो का आणि केवढ्याला, हा प्रश्न मात्र मशीनची किंमत ऐकायच्या आधी विचारायचा.